नीरफणसाच्या गावी, शिडाच्या बोटीने

३० एप्रिल, समुद्रात एकोणिसावा दिवस

आज शेवटचा कोबी संपला. वरची काळी पडलेली पानं काढून टाकली, आत मुठीएवढा गाभा निघाला. तो चौघांनी वाटून कच्चाच खाल्ला. आता ताजं म्हणावं असं फक्त माझ्या मोड आलेल्या मुगांची ओली पुरचुंडी. गॅलापागोसच्या सान क्रिस्तोबालहून १२ एप्रिलला निघालो तेव्हा केळ्यांचा अख्खा घड मागच्या कठड्याला टांगला होता. सगळी केळी एकाच दिवशी पिकली आणि पुढचे तीन दिवस सकाळ-संध्याकाळ केळीच खाल्ली.

बोट बारा मीटरची, एका डोलकाठीची. मालक साठीतलं डच जोडपं, त्यांचा एक मित्र आणि मी. मी वेंगुर्ल्याची, नोकरी पुण्यात, शिडं हाताळायला शिकले मुंबईत. गॅलापागोस ते पॉलिनेशियातली मार्केसास बेटं हा प्रशांत महासागरातला टप्पा साधारण ३,००० सागरी मैलांचा, म्हणजे साडेपाच हजार किलोमीटरच्या वर, आणि वाटेत एकही बेट नाही. रात्रीच्या पाळ्यांसाठी त्यांना चौथा माणूस हवा होता.

पहिले पाच दिवस वारा नव्हताच. शिडं नुसती फडफडायची, समुद्र तेलासारखा. नैऋत्येला उतरत उतरत दक्षिण अक्षांश पाचच्या आसपास आग्नेयेचे व्यापारी वारे लागले आणि मग कुणीतरी बोटीला पाठीमागून हात लावल्यासारखं झालं. तेव्हापासून १५ ते २० नॉटचा वारा, एक शीड डावीकडे, एक उजवीकडे, पंखांसारखी पसरलेली. दिवसाला १३०-१४० मैल पडतात. वारा पाठीशी असला की बोट पळते छान, पण डोलते फार. चहाचा कप ठेवायला जागा नाही, झोपायचं तर दोन्ही बाजूंना उशा खोचून. एकोणीस दिवस अंगातला एकही स्नायू पूर्ण सैल पडलेला नाही.

परवा रात्री, माझ्या पाळीत, मागून काळोखी आली. चांदण्या एकेक करून विझत गेल्या, तेवढ्यावरूनच कळलं. मी कप्तानांना हाक मारेपर्यंत वारा ३० नॉटच्या वर गेला, पाऊस आडवा लागला आणि पुढच्या शिडाचा दोर बंदुकीचा बार झाल्यासारखा तुटला. शीड मोकळं सुटून असं काही हाणत होतं की सगळी डोलकाठी थरथरत होती. आम्ही दोघांनी ते गुंडाळून घेतलं. वीस मिनिटांत पाऊस निघून गेला, वर परत चांदण्या. बॅटरी लावून तुटलेलं टोक पाहिलं. दोर जोराने तुटला नव्हता, झिजून तुटला होता. पसरलेलं शीड तोलून धरणाऱ्या दांडीच्या टोकाशी, एकाच बोटभर जागी, दर लाटेला एकदा घासून. रोज सकाळी तो थोडा थोडा सोडून घासायची जागा बदलायची, हे माझं काम होतं आणि दोन दिवस मी ते विसरले होते. मी तसं कबूल केलं. कप्तान म्हणाले, आता जन्मात विसरणार नाहीस. खरं आहे.

२ मे

ध्रुव केव्हाच बुडाला. आता दक्षिणेला त्रिशंकू उभा असतो आणि रात्र चढते तसा आग्नेयेकडून वृश्चिक वर येतो. आजीने मला लहानपणी ओसरीवर बसून दाखवलेला तोच विंचू, ज्येष्ठेचा तांबडा ठिपका, मागे मूळ नक्षत्राची नांगी. पॉलिनेशियाच्या दर्यावर्दींनी ह्याच ताऱ्यांत मासे पकडायचा गळ पाहिला. माउई नावाच्या त्यांच्या वीराचा गळ, त्याच गळाने माउईने समुद्राच्या तळातून बेटं ओढून काढली. आठ दिवस रोज बघते आहे आणि आता मलाही विंचू दिसेनासा झालाय, गळच दिसतो.

ह्या माणसांविषयी वाचून, ऐकून होते, पण रात्री एकटीने सुकाणूपाशी बसल्याशिवाय त्यांनी काय केलं ते उमगलं नसतं. साधारण हजार वर्षांपूर्वी ते पश्चिमेकडून मार्केसासला आले. म्हणजे आम्ही ज्या वाऱ्याच्या पाठबळावर तरंगत चाललोय, त्याच वाऱ्याच्या तोंडावर ते आले. होकायंत्र नाही, नकाशा नाही. कुठला तारा कुठल्या बिंदूवर उगवतो नि मावळतो, लाट बोटीच्या कुठल्या अंगाला लागते, संध्याकाळी पक्षी कुठे परततात, एवढ्यावर. १९७६ मध्ये सातावाल बेटाच्या माउ पियाइलुग ह्यांनी होकुलेआ ही जोडहोडी हवाईहून ताहितीला कोणतंही यंत्र न वापरता नेऊन दाखवली, तेव्हा कुठे ‘वाऱ्याबरोबर चुकून वाहत आले असतील’ म्हणणाऱ्यांची तोंडं बंद झाली. होकुलेआ म्हणजे आपली स्वाती. ती हवाईच्या माथ्यावरून जाते. ताहितीच्या माथ्यावरून जातो तो व्याध.

४ मे, तेविसावा दिवस

पहाटे पाच वाजता मित्राने खाली येऊन माझा पाय हलवला. बोलला काही नाही. वर आले तर समोर, ढगापेक्षा जरा जास्त गडद, एक सरळ कडा. मार्केसासमधल्या हिवा ओआ बेटाचं पूर्वेचं टोक, मातफेनुआ. उजाडलं तशी कड्यावरची हिरवाई दिसायला लागली, आणि तेवीस दिवस फक्त निळं-करडं पाहिलेल्या डोळ्यांना तो हिरवा अक्षरशः टोचला.

जमीन दिसायच्या आधी जमिनीचा वास येतो असं खलाशी सांगतात. मी नाक वर करून बसले होते, पण वास काही येईना. मग लक्षात आलं, वारा आमच्या पाठीमागून बेटाकडे वाहतोय, वास आमच्याकडे येणार कसा? दुपारी दक्षिण किनाऱ्याने जाऊन ताहाउकूच्या खाडीत वळलो, डोंगराच्या आडोशाला शिरलो, आणि तेव्हा आला. ओली माती, कुजलेला पाला, सुकत घातलेलं खोबरं, कुणीतरी जाळलेला पातेरा. वेंगुर्ल्याला पहिल्या पावसानंतर येतो तोच. मला बोलता येईना.

खाडी अरुंद, बोटी दाटीवाटीने. त्यामुळे पुढून एक नि मागून एक असे दोन नांगर टाकावे लागतात. पुढचा पडला, साखळी ताणली, मग डिंगीतून, म्हणजे बोटीवरच्या छोट्या होडीतून, मागचा नेऊन टाकला. इंजिन बंद केलं. इतकं शांत वाटलं की कानात दडा बसल्यासारखं झालं. बोटीच्या पाणरेषेवर गेंड्याच्या कातडीसारखा थर चढला होता, देठावर लोंबणाऱ्या शिंपल्यांचा. गॅलापागोसला तपासणी असते म्हणून तळ चकाचक घासून निघालो होतो. तेवीस दिवसांत हे सगळं उगवलं.

५ मे, आतुओना

धक्क्यापासून आतुओना गाव तीन किलोमीटर. पाय रस्त्यावर पडतात पण रस्ता डोलतो. एका बाईने गाडी थांबवली, ‘काओहा’ म्हणाली आणि आम्हाला मागे बसवून फ्रेंच पोलिसांच्या ठाण्याशी सोडलं. प्रवेशाचे शिक्के तिथेच मिळतात. माझ्या व्हिसावर ‘फ्रेंच पॉलिनेशियासाठी’ असा खास शेरा आहे. युरोपचा नेहमीचा शेंगेन व्हिसा इथे चालत नाही, भारतीय पासपोर्टवर येणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

गावावरच्या दफनभूमीत चढून गेलो. चित्रकार गोगँ इथे १९०१ मध्ये आला आणि १९०३ मध्ये वारला. थडग्याला पांढऱ्या चाफ्याची सावली आहे. बेल्जियन गायक जाक ब्रेल थोड्याच अंतरावर. तो स्वतःच्या बोटीने इथे आला आणि पुढे आपलं छोटं विमान बेटांवरच्या लोकांच्या आजारपणासाठी, टपालासाठी उडवत राहिला. मी फुलं ब्रेलच्या थडग्यावर ठेवली. गोगँची चित्रं थोर असतील, पण चौदा वर्षांच्या मुलीला शाळेतून उचलून घरात ठेवणाऱ्या माणसापुढे मला हात जोडावेसे वाटले नाहीत.

संध्याकाळी खाडीत मुलं होड्या वल्हवत होती आणि मी धक्क्यावर खिळून राहिले. लांब निमुळती होडी, तिच्या डाव्या अंगाला दोन आडव्या दांड्यांवर बांधलेला तरंगता ओंडका. उलांडी! माझ्या आजोबांच्या होडीला होती तशीच उलांडी. इथे होडीला ‘वाका’ म्हणतात. आता ती फायबरची असते, पूर्वी झाडाच्या खोडाची असायची. कुठल्या झाडाच्या, हे मी एका म्हाताऱ्या माणसाला विचारलं. त्याने धक्क्यामागच्या झाडाकडे बोट दाखवलं. मोठी, कातरलेली, चकचकीत पानं, मध्ये हिरवे काटेरी गोळे.

आमच्या परसात विहिरीच्या कडेला हेच झाड आहे. नीरफणस.

६ मे

इथलं घड्याळ भारताच्या बरोबर पंधरा तास मागे. सकाळी सहाला फोन लावला तेव्हा घरी रात्रीचे नऊ वाजले होते. आजीने विचारलं, “पोचलंस गो?” मग, “जेवलंस काय?” मी झाडाचं सांगितलं तर म्हणाली, “थंय निरफणस गावता? मगे कित्याक काळजी करू?”

दिवसभर धुणं, पाणी भरणं, शिडाची शिवण. लिहिण्यासारखं काही नाही.

७ आणि ८ मे, ताहुआता

सामुद्रधुनी ओलांडली की समोरच ताहुआता, दोन-अडीच तासांचं शीड. हानामोएनोआच्या पांढऱ्या वाळूवर नांगर टाकला. पाणी इतकं नितळ की नांगराने वाळूत ओढलेली रेघ बोटीवरून दिसते. मार्केसासला बहुतेक ठिकाणी प्रवाळाचा बांध नाही, समुद्र थेट कड्यांवर आपटतो, म्हणून असा वाळूचा किनारा इथे दुर्मीळ. सकाळी दोन मँटा रे मासे आले, पंख दीड-दोन मीटरचे, तोंड उघडं टाकून पाणी गाळत नांगराच्या साखळीभोवती फिरत राहिले. मी पाण्यात उतरून नुसती पडून राहिले. त्यांनी माझी दखलही घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी वाइताहू गावात गेलो. १५९५ मध्ये स्पॅनिश मेंदान्याची जहाजं इथे नांगरली, त्याने पेरूच्या व्हाइसरॉयच्या नावावरून बेटांना मार्केसास हे नाव दिलं, आणि जाताना त्याच्या माणसांनी सुमारे दोनशे बेटवासी मारले होते, असं त्याच्याच मोहिमेतल्या नोंदीत आहे. १८४२ मध्ये फ्रेंचांनी इथेच ताबा घेतला. मग देवी, क्षय, दारू, बंदुका. १९२० च्या दशकात सगळ्या द्वीपसमूहात मिळून दोन-अडीच हजार माणसं उरली होती. आज नऊ हजारांच्या आसपास आहेत. ह्या भूमीला ते स्वतः ‘ते हेनुआ एनाता’ म्हणतात, माणसांची भूमी. २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत बेटं गेली ती ह्याच नावाने, आणि ते मला फार योग्य वाटलं.

गावामागच्या वाटेवर दगडी चौथरे दिसत राहतात, झाडीत गिळलेले. प्रत्येक चौथरा म्हणजे एक घर होतं. मी मोजायला लागले होते, चाळिसानंतर सोडून दिलं.

९ मे

फातू हिवा बेट इथून जेमतेम चाळीस मैल, पण आग्नेयेला, म्हणजे नेमकं वाऱ्याच्या तोंडावर. खरं तर पूर्वेकडून येताना ते आधी लागतं, पण प्रवेशाचे शिक्के तिथे मिळत नाहीत, म्हणून आधी हिवा ओआ आणि मग हे उलटं जाणं. पहाटे तीनला निघालो. एकदा डावीकडे तिरकं, एकदा उजवीकडे तिरकं, प्रत्येक लाट नाळेवर फुटून सगळ्यांच्या तोंडावर. बोट इतकी कललेली की स्वयंपाकघरात भिंतीवर पाय देऊन उभं राहावं लागत होतं. ३,००० मैलांत एकदाही ओकले नव्हते, आज दोनदा ओकले. चाळीस मैलांचे प्रत्यक्षात साठ कापले आणि चौदा तास लागले.

आणि डोक्यात सारखं एकच. ते लोक असे आले होते, आठवडेच्या आठवडे, उघड्या जोडहोडीवर. बरोबर बायका, मुलं, डुकरं, कोंबड्या. आणि ओल्या पालापाचोळ्यात गुंडाळलेल्या नीरफणसाच्या मुळांचे फुटवे. नीरफणसाच्या बहुतेक जातींना बी नसतं. ते पक्ष्याने टाकून रुजत नाही, पाण्यावर वाहून येत नाही. कुणीतरी फुटवा खणून, खारं पाणी लागू न देता, वाटेत स्वतःच्या वाट्याचं गोडं पाणी त्याला पाजून आणल्याशिवाय ते दुसऱ्या बेटावर येऊच शकत नाही. आज नाळेवर बसून खारं पाणी गिळताना मी त्या फुटव्यांचा विचार करत होते.

अंधार पडता पडता हानावावेच्या खाडीत शिरलो. दोन्ही बाजूंना दगडी सुळके, मावळतीने तांबडे झालेले. खाडी खोल, दरीतून वाऱ्याचे झोत अचानक खाली येतात. नांगर तिसऱ्या खेपेला धरला.

१० मे, हानावावे

गाव म्हणजे एक रस्ता, एक चर्च, ओढा आणि घरांभोवती पपनसं, लिंबं, केळी, आंबे. डिंगी ओढून घेत होतो तेवढ्यात एका बाईने विचारलं, दोर आहे का? पैसे नकोत, दोर. महिन्यातून थोड्या वेळा ताहितीहून बोट येते, त्यावर लोखंड, तांदूळ, पेट्रोल सगळं येतं, पण चांगला दोर महाग. आम्ही दहा मीटर दोर आणि गळाचे हूक दिले. तिने घरी नेलं आणि पपनसं देता देता थांबेचना. पोतंभर झाली. एक तिथेच सोलून दिलं. हिरवी साल, आत फिकट पाकळ्या, आंबटपणा नावाला. रस कोपरापर्यंत ओघळला. तेवीस दिवसांत काय नव्हतं ते तेव्हा कळलं.

मग तिने ‘मेइ’ भाजायला घेतला. मेइ म्हणजे नीरफणस. सोललाही नाही, अख्खा सुक्या नारळाच्या सोडणांच्या विस्तवावर ठेवला आणि फिरवत राहिली. साल कोळशासारखी काळी झाली आणि देठाकडून वाफेची शिट्टी निघाली, तेव्हा झाला. काळी साल काठीने खरवडली, आत पिवळसर, पावासारखा गर. तो लाकडी परातीत टाकून दगडी बत्त्याने कुटायला लागली. कुटणं सोपं नव्हे, दर खेपेला बत्ता पाण्यात बुडवायचा, नाहीतर चिकटतो.

तिची मुलगी नारळ खवत होती. बुटका लाकडी बाक, त्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसायचं, पुढे निघालेल्या लोखंडी पट्टीला दातेरी फूल, खाली ताट. मी काही न बोलता तिच्या हातातली कवड घेतली आणि बसले. दोघी मायलेकी बघतच राहिल्या. मी खवते ती मनगट फिरवून, कडेकडेने, करवंटीचं काळं पडू न देता, जसं आजीने शिकवलं. मुलगी हसून आईला काहीतरी म्हणाली. कप्तानांच्या बायकोने फ्रेंचमधून सांगितलं, “तू कुठल्या बेटाची, विचारतेय.”

खवलेलं खोबरं फडक्यात पिळून दाट रस काढला आणि कुटलेल्या मेइवर ओतला. ह्याला ‘काआकू’ म्हणतात. मऊ, धुराचा वास, गोडसर. मी तीन वाडगे खाल्ले.

जेवताना तिने पूर्वीच्या खड्ड्यांचं सांगितलं. हंगामात मेइ पानांनी अस्तर लावलेल्या खड्ड्यात भरून आंबवत, त्याला ‘मा’ म्हणतात. दुष्काळ पडला की वर्षानुवर्षं तेच काढून खायचं. खोडाची होडी, फटी बुजवायला झाडाचा चीक, सालीचं कापड. पलीकडच्या ओमोआ गावात बायका अजून साल कुटून तापा करतात, तुतीच्या आणि मेइच्याही. युरोपीय मात्र ह्या झाडाकडे मळ्यांवरच्या गुलामांचं स्वस्त खाणं म्हणून बघत राहिले. इंग्रज कप्तान ब्लायचं ‘बाउंटी’ जहाज त्यासाठीच ताहितीला गेलं होतं. परतीच्या वाटेवर खलाशांनी बंड केलं, त्यानंतर तो पुन्हा गेला आणि १७९३ मध्ये रोपं कॅरिबियनला पोचवली. आमच्या परसातलं झाडही कुणाच्या तरी हातांनी, कुठल्या तरी जहाजातून आलं असणार. लहानपणापासून ते मला विहिरीइतकंच तिथलं वाटत आलंय.

११ मे

आज माझी पाळी. तिने काल दिलेला एक कच्चा मेइ बोटीवर कापला. हळद, तिखट, मीठ लावून, रव्यात घोळवून खोबरेल तेलात कापं तळली. पुण्याहून आणलेली कोकमं भिजत घातली, त्यांच्याकडूनच नारळ घेऊन सोलकढी केली. डबा घेऊन संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. बाईने पहिलं काप उलटंसुलटं करून पाहिलं, वास घेतला, चावलं. मेइ तळतात हे तिला माहीत होतं, हळद माहीत नव्हती. दुसरं घेतलं. मग उठून शेजारणीला बोलवायला गेली. सोलकढीचा रंग बघून मुलीला ते सरबत वाटलं, लसणाचा झटका बसल्यावर डोळे मोठे झाले, पण पेला रिकामा केला.

१२ मे

आज निघायचं आहे, उआ पू बेटाकडे, वारा पुन्हा पाठीशी. सहाला आजीला फोन लावला.

“कापां केलंस? थंयल्या निरफणसाची?”

“केली गो. सगळ्यांनी खाल्ली.”

“आणि चीक? हाताक लागलो असतलो.”

बोटांकडे पाहिलं. नखांच्या कडेला काल संध्याकाळपासून काळे डाग, दोनदा घासूनही तसेच.

“साबण लावू नको, निघूचो नाय. खोबरेल लाव.”

कालच्या कढईच्या तळाला थोडं तेल होतं. पुढे जाऊन बसले आणि एकेक बोट चोळायला घेतलं. मागे कप्तान नांगराची साखळी वर घ्यायला लागले होते. काठावर मुलगी उभी होती, हात हलवत होती. मी तेलकट हात वर केला.